गिटार कुणाची? आधी कागद दाखवा!

गेल्या महिन्यात एकच व्हिडिओ माझ्या मोबाइलवर चार तासांच्या अंतराने दोनदा आला. तीन मिनिटांचा असेल. युरोपातल्या कुठल्याशा चौकात तीन माणसं गिटार घेऊन बसली आहेत. एकाची बोटं फ्लॅमेंकोच्या पद्धतीने तारांवर पंख्यासारखी उघडतात. दुसरा स्टीलच्या तारांवर जिप्सी जॅझचा ठेका धरून आहे. तिसरा मधूनच एखादी तार ओढतो, सूर वाकवतो आणि ब्लूजची हाक देतो. गाणारं कुणी नाही. वाजवणाऱ्यांची नावं नाहीत, गावाचं नाव नाही.

पहिला फॉरवर्ड शिक्षकांच्या ग्रुपवर आला होता. खाली लिहिलं होतं की हे संगीत मूळचं आपलंच. गझनीच्या महमुदाने गुलाम करून नेलेले आपले शूर पूर्वज म्हणजेच जिप्सी, आणि फ्लॅमेंको म्हणजे राजस्थानचं हरवलेलं लोकसंगीत. शेवटी ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’. दुसरा फॉरवर्ड आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर. तोच व्हिडिओ, तेच तिघे. खाली लिहिलेलं: हे संगीत म्हणजे अंदालुसच्या मुसलमानांची देणगी, स्पेनमध्ये लोक ‘ओले’ ओरडतात ते मुळात ‘अल्लाह’, आणि आम्हाला हा इतिहास शिकवलाच जात नाही. शेवटी ‘उम्मत के हर फर्द तक पहुंचाओ’.

दोन्ही ग्रुपांवर मी आहे. उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे दोन्हीकडे माझ्याकडून अंगठ्याची अपेक्षा असते. मी कुठेच अंगठा दिला नाही. का दिला नाही ते ग्रुपवर लिहिणं जमलं नसतं, म्हणून इथे लिहितोय.

आधी माझी कैफियत. मला गिटार वाजवता येत नाही. बी.एड.ला असताना होस्टेलच्या खोलीत माझ्या पार्टनरकडे एक कॅसेट होती: ‘फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को’. ५ डिसेंबर १९८० च्या रात्री पाको दे लुसिया, अल दी मेओला आणि जॉन मॅकलॉक्लिन या तिघांनी केलेला कार्यक्रम. तीन गिटार, बाकी काही नाही. ना तबला, ना गायक. पाठ टाचणाच्या वह्या लिहिताना आम्ही ती इतकी ऐकली की एक बाजू घासून गेली. सुट्टीत घरी नेली तर अब्बांनी पाच मिनिटं ऐकून विचारलं, “यह बोलते क्या हैं?” मी म्हटलं, काही बोलत नाहीत. अब्बा म्हणाले, “फिर ठीक है.”

हे ‘फिर ठीक है’ मी नंतर खूप वेळा आठवलं. गाण्याला शब्द असतात आणि शब्दांना गाव असतं, बोली असते, धर्म असतो. नुसत्या वादनाला तसलं काही नसतं, म्हणून ते कुठल्याही घरात शिरतं. पण म्हणूनच त्याच्यावर कुणीही आपली पाटी ठोकू शकतो. गाण्याचं तसं करता येत नाही, गाणं तोंडाने सांगतं मी कोण ते. वादन गप्प असतं. गप्प असणाऱ्याच्या वतीने बोलायला आपण सगळे तयार असतो.

आता पहिली पाटी. जिप्सी मूळचे भारतातले, हे खरं आहे का? आहे. पण ते कसं कळलं हे फॉरवर्ड सांगत नाही. ते कुठल्या शिलालेखातून कळलं नाही, भाषेतून कळलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या अभ्यासकांच्या लक्षात आलं की रोमानी भाषा आपल्या उत्तरेतल्या भाषांच्या कुळातली आहे. मी भाषेचा शिक्षक, म्हणून मुलांना रोमानीतले आकडे फळ्यावर लिहून देतो: येख, दुई, त्रिन, श्तार, पांज, शोव. इथपर्यंत वर्ग खूश असतो. आपलेच आकडे की! मग पुढचे लिहितो: एफ्ता, ओख्तो, एन्या. वर्ग गप्प. हे सात, आठ, नऊ ग्रीक आहेत. आणि दहा पुन्हा ‘देश’, म्हणजे आपला दशच.

मला हे आकडे फार आवडतात. एका समाजाचा हजार वर्षांचा प्रवास एक ते दहात बसला आहे. सहापर्यंत मोजलं हिंदुस्थानात, सात-आठ-नऊसाठी थांबले ग्रीकांच्या मुलखात. आता या भाषेतून ग्रीक काढून ‘शुद्ध’ करायची म्हटली तर त्यांना सहाच्या पुढे मोजता येणार नाही.

आता ‘शूर पूर्वज’. रोमा लोक इथून का गेले, कुणामुळे गेले, याचा ठाम पुरावा कुठेच नाही. महमुदाचं नाव त्यात घुसवलं की आजच्या मोहल्ल्याला टोमणा मारता येतो, एवढाच त्याचा उपयोग. पण ‘रोम’ हा शब्द कुठून आला याविषयी बहुतेक भाषाशास्त्रज्ञांचा कल एकाच बाजूला आहे: तो ‘डोम’पासून आला. त्याच घराण्यातला आपल्याकडचा शब्द म्हणजे डोंबारी. दोरीवर चालणारा, रस्त्याकडेला ढोलकी वाजवून पोराला बांबूवर चढवणारा. म्हणजे अभिमान बाळगायचाच असेल तर तो डोंबाऱ्याचा बाळगावा लागेल. फॉरवर्ड पाठवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांची त्याला तयारी आहे का, एवढंच विचारतो.

दुसरी पाटी आपल्या माणसांची, म्हणून तिच्याशी जास्त कडक वागायला हवं. अंदालुसने युरोपला खूप दिलं, यात शंका नाही. स्पॅनिशमधला ‘लाउद’ हा आपल्या अरबी ‘अल-ऊद’चाच मुलगा. ज़िरयाब नवव्या शतकात बगदादकडून कॉर्दोबाला आला, त्याने तिथे संगीताची परंपरा उभी केली. पण फ्लॅमेंको ज्याला म्हणतात ते या नावाने एकोणिसाव्या शतकात पुढे आलं. मध्ये हजार वर्षं गेली. १४९२ मध्ये ग्रॅनाडा पडलं, १६०९ ते १६१४ मध्ये उरलेसुरले मोरिस्को, म्हणजे जबरीने ख्रिस्ती केलेले मुसलमान, जहाजांत भरून देशाबाहेर काढले गेले. ज़िरयाबपासून पाको दे लुसियापर्यंत एक सरळ रेघ काढता येत नाही. ‘ओले’ म्हणजे ‘अल्लाह’, ‘फ्लॅमेंको’ म्हणजे अरबी ‘फल्लाह’ अशा व्युत्पत्ती ऐकायला गोड आहेत, पण सिद्ध झालेल्या नाहीत. आवाज सारखा म्हणून शब्द एक, असं असतं तर माझ्या नववीच्या वर्गाची सतार आणि गिटारही एक ठरली असती. मुलं दरवर्षी सांगतात, “सर, दोन्हींत ‘तार’ आहे!” सतार फारसी ‘सेह-तार’, तीन तारांवरून. गिटार ग्रीक ‘किथारा’वरून. दोघींचा एकमेकींशी संबंध फक्त वर्गातल्या गलक्यात.

आणखी एक गोष्ट. मोहल्ल्याच्या ग्रुपवर हा व्हिडिओ ज्यांनी टाकला, त्यांनीच दोन वर्षांपूर्वी एका पोराला गिटार क्लासला जातो म्हणून भर रस्त्यात सुनावलं होतं. साज हराम की हलाल या वादात मी आज शिरत नाही, तो उलेमांचा प्रांत. माझं म्हणणं इतकंच की हजार वर्षांपूर्वीच्या कॉर्दोबात गिटार आपली आणि गल्लीत मात्र शैतानाची, असं करू नका. दोन्हींपैकी एक काहीतरी ठरवा.

सुरांचं साम्य दाखवणारेही भेटतात. फ्लॅमेंकोचा जो खास स्वरसमूह आहे त्याचे स्वर भैरवी थाटाशी जुळतात, हे खरं. बुलेरिया किंवा सोलेआ बारा मात्रांचे, आपला एकतालही बाराचा, हेही खरं. पण बुलेरियात मोजणीच बारापासून सुरू होते आणि जोर पडतो बारा, तीन, सहा, आठ, दहा या जागांवर. आधी तीन-तीनच्या उड्या, मग दोन-दोनच्या. एकतालात बसलेला कान तिथे अडखळतो. अडखळलाच पाहिजे. ते अडखळणं म्हणजे दुसऱ्याच्या घराचा उंबरठा. ‘हे तर आपलंच’ म्हणणारा माणूस तो उंबरठा बघतच नाही आणि मग ऐकतही नाही.

तिसरी मंडळी या दोघांपेक्षा सभ्य. ती काहीच दावा करत नाहीत. त्यांच्यासाठी हे ‘रिलॅक्सिंग गिटार’. हॉटेलात वेटर मेनूकार्ड ठेवतो तेव्हा मागे चालू असतं ते. फ्लॅमेंको, जिप्सी जॅझ, ब्लूज, सगळं एकत्र घोटलेलं, त्याला ‘फ्यूजन’ म्हणायचं, म्हणजे वाजवणारा कोण हे विचारायची गरज उरत नाही. मला त्यांचा राग येत नाही, पण त्यांनाही एक प्रश्न आहे. ही तीन संगीतं एकत्र येतात ती एवढी सहज का येतात? कर्नाटक संगीत आणि स्कॉटलंडची बॅगपाइप एकत्र आणायला खटपट करावी लागेल. ही तिन्ही मात्र जुन्या ओळखीची असल्यासारखी एका बाकावर बसतात. रक्त एक नाही, सूर एक नाहीत, वाद्यसुद्धा नीट एक नाही: फ्लॅमेंकोची गिटार हलकी, आज नायलॉनच्या तारांची, तिच्यावर बोटांनी टकटक करता यावी म्हणून पट्टी लावलेली. जिप्सी जॅझची स्टीलच्या तारांची, प्लेक्ट्रमने जोरात वाजवायची. ब्लूजची मिळेल ती, आणि तारेवरून फिरवायला कधी बाटलीची मान, कधी चाकू.

मग यांची ओळख झाली कुठे? माझं उत्तर असं: पोलीस चौकीच्या बाहेर. सगळ्यांना एकच प्रश्न विचारला जात होता. कुठे राहतोस? कागद दाखव.

हे मी अलंकारिक बोलत नाही. तारखा बघा.

स्पेन, १४९९. ग्रॅनाडा पडून सात वर्षं झाली आहेत. फर्मान निघालं की हितानोंनी (स्पेनमधल्या रोमांना हितानो म्हणतात) साठ दिवसांत कुठेतरी कायम राहायला लागावं, मालक धरावा किंवा माहीत असलेला धंदा करावा, नाहीतर देश सोडावा. न ऐकणाऱ्याला फटके, पुन्हा सापडल्यास कान कापणं. १७४९ मध्ये एका रात्री देशभरातल्या हितानोंची धरपकड केली गेली. पुरुष एकीकडे, बायका-मुलं दुसरीकडे. १७८३ मध्ये राजाने त्यांना माणसांत घेतलं, पण अट अशी की वेष सोडा, भाषा सोडा आणि ‘हितानो’ हा शब्दही कुणी वापरायचा नाही. भाषा खरोखर विरत गेली. उरली ती ‘कालो’, म्हणजे स्पॅनिश व्याकरणात ठेवलेले रोमानी शब्द. कालो म्हणजे काळा. आपलाच शब्द.

मिसिसिपी, १८६५. गुलामगिरी संपली. त्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने कायदा केला की सुटलेल्या प्रत्येक काळ्या माणसाजवळ घराचा किंवा कामाचा लेखी पुरावा हवा, आणि तो दरवर्षी जानेवारीत दाखवायचा. नसेल तर तो ‘भटका’, दंड करा, दंड भरता आला नाही तर कुणाच्या तरी शेतावर मजुरीला लावा. ब्लूज याच मातीतून पुढच्या पिढ्यांत उगवलं. रस्त्यांची, आगगाड्यांची, तुरुंगाची गाणी त्यात इतकी का, हे वेगळं सांगायला नको.

फ्रान्स, १९१२. लिबर्टी-इक्वॅलिटीच्या देशात कायदा झाला की भटक्या कुटुंबांनी मापांचं पुस्तक जवळ बाळगावं. मापं म्हणजे डोक्याचं माप, कानाचं माप, बोटांचे ठसे. प्रत्येक गावात शिरताना शिक्का, निघताना शिक्का. ते पुस्तक १९६९ पर्यंत चाललं.

या १९१२ च्या कायद्याच्या दोन वर्षं आधी, १९१० च्या जानेवारीत, बेल्जियममध्ये एका गाडीत एक मूल जन्मलं. त्याचं नाव जँगो राइनहार्ट. त्याची जमात मनूश. या शब्दाचा अर्थ सांगायला मराठी माणसाला शब्दकोश लागत नाही. मनूश म्हणजे माणूस. जगभर ज्याला ‘जिप्सी’ म्हणजे ‘इजिप्तवाला’ असं चुकीचं नाव मिळालं, त्याने स्वतःचं नाव नुसतं ‘माणूस’ ठेवलं होतं.

जँगोची गोष्ट गिटारवाल्यांना पाठ असते, पण आपल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आखडून गेलं. तो अठरा वर्षांचा होता. डॉक्टरांच्या हिशेबाने गिटार संपली. त्याने राहिलेल्या दोन बोटांनी सगळं नव्याने बसवलं, आखडलेली बोटं फक्त काही सुरावटी धरायला वापरली. १९३४ मध्ये व्हायोलिनवाल्या स्तेफान ग्राप्पेलीबरोबर त्याने पॅरिसमध्ये पाच जणांचा संच उभा केला: एक व्हायोलिन, एक बास, तीन गिटार. ढोल नाहीत. ढोलाचं काम बाकीच्या दोन गिटार करत. आज जिप्सी जॅझ म्हणून जे वाजतं, ते त्या संचाचंच पोर.

या माणसाने अमेरिकेतल्या काळ्या वादकांच्या रेकॉर्डी ऐकून जॅझ उचललं. लुई आर्मस्ट्राँग हा त्याचा देव. १९३९ मध्ये त्याने एकट्याने गिटारवर ‘एकोज ऑफ स्पेन’ वाजवलं, १९४३ मध्ये ‘ब्लूज क्लेअर’. म्हणजे ज्याला आज ‘फ्लॅमेंको-जिप्सी-ब्लूज फ्यूजन’ म्हणून नव्याने विकलं जातं, त्या तिन्ही पाऊलवाटा एका दोन बोटांच्या माणसाच्या अंगणात ऐंशी वर्षांपूर्वीच आल्या होत्या. १९४३ सालाकडे पुन्हा बघा. पॅरिसवर जर्मनांचा कब्जा आहे. फ्रान्समधली भटकी कुटुंबं तारांच्या कुंपणांत डांबलेली आहेत. मापांची पुस्तकं आधीपासून तयारच असल्यावर शोधायला काय अवघड? जँगो त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या हद्दीकडे निघाला आणि परत फिरवला गेला. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्वित्झमधला रोमांचा पूर्ण विभाग, बायका-मुलांसकट, गॅसने रिकामा केला गेला. फ्रान्समधले शेवटचे भटके छावणीतून सुटले ते १९४६ मध्ये, म्हणजे युद्ध संपून वर्ष उलटल्यावर. वाजवणारे ते संगीत वाजवत होते तेव्हा असं चाललं होतं. आता ‘रिलॅक्स’ व्हा, माझी हरकत नाही, पण कळून व्हा.

कुणी म्हणेल, सर, म्हणजे तुम्हीही मालकीच ठरवताय, फक्त ‘दुःख भोगलेल्यांची’. नाही. मालकी मोडीत निघते ती याच संगीतात. पाको दे लुसिया, फ्लॅमेंको गिटारचं विसाव्या शतकातलं सगळ्यात मोठं नाव, हितानो नव्हताच. लुसिया हे त्याच्या आईचं नाव, आणि आई पोर्तुगीज. ग्राप्पेलीचा बाप इटालियन. १९२८-२९ मध्ये अमेरिकेत लॉनी जॉन्सन या काळ्या ब्लूजवाल्याबरोबर एडी लँग या गोऱ्या, इटालियन घरातल्या वादकाने दोन गिटारींच्या अप्रतिम रेकॉर्डी केल्या. पण रेकॉर्डवर लँगने नाव लावलं ‘ब्लाइंड विली डन’, म्हणजे काळ्या ब्लूजवाल्यांच्या नावासारखं. काळा-गोरा एका तबकडीवर चालत नव्हते. गिटारींना चालत होते, कागदाला चालत नव्हते. आज फ्लॅमेंकोत ज्या लाकडी खोक्यावर बसून ठेका धरतात तो काहोन स्पेनचा नाहीच. पेरू देशात आणलेल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचं ते वाद्य. पाकोने ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथून उचललं, आणि आज ते ‘अस्सल’ फ्लॅमेंको मानलं जातं.

या सगळ्यांनी एक गोष्ट केली जी फॉरवर्डवाले करत नाहीत. ते शेजारी जाऊन बसले. पाको लहानपणापासून हितानोंच्या सोबत वाढला, लँग जॉन्सनच्या समोर बसून वाजला. दावा केला नाही, वेळ दिला. शुद्धतेचे पहारेकरी तिथेही होते. १९२२ मध्ये ग्रॅनाडात मोठमोठ्या लोकांनी ‘शुद्ध’ गायकीची स्पर्धा भरवली आणि त्यावर पोट भरणाऱ्या गायकांनाच तिथे बंदी घातली. पोट भरलं की शुद्धता जाते, हे तत्त्वज्ञान फक्त भरल्या पोटांना सुचतं. मी दोन भाषा शिकवतो, दोन्हीकडचे असे पहारेकरी मला माहीत आहेत. एकाला मराठीतले अर्ज, जमीन, बाजार, हकीकत खुपतात, दुसऱ्याला आमच्या दखनीतले मराठी शब्द. अर्ज करायचा झाला की दोघेही तहसीलमध्येच जातात.

आता आपल्या घरात येऊ. मराठीत ‘जिप्सी’ हा फार लाडका शब्द आहे. पाडगावकरांच्या कवितासंग्रहाचं ते नाव. मनातला मुक्त, भटका, स्वप्नाळू माणूस म्हणजे जिप्सी. माझ्याही मनात तो होता, आणि ती कविता मी प्रेमाने शिकवली आहे. पण आपल्या रस्त्यावरून खरोखर भटकणाऱ्याला आपण कधी जिप्सी म्हटलं का? त्याच्यासाठी आपल्याकडे दुसरे शब्द आहेत. फ्रान्सने मापांचं पुस्तक काढण्याआधी चाळीस वर्षं, १८७१ मध्ये, इंग्रजांनी इथे गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो देशभर पसरवला. जन्मताच गुन्हेगार. हजेरी, पास, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला. १९८७ मध्ये सेव्हिल शहरात आमादोर आडनावाच्या दोन हितानो भावांच्या ‘पाता नेग्रा’ या बँडने ‘ब्लूज दे ला फ्रोंतेरा’ हा अल्बम काढला, बुलेरिया आणि ब्लूज एका गिटारीत घालून. त्याच १९८७ मध्ये मराठीत लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ आलं. मला ही दोन्ही एकाच कपाटात ठेवावीशी वाटतात. आपण पहिलं ऐकून डोलतो आणि दुसरं अभ्यासक्रमापुरतं वाचतो.

आणि आता माझं स्वतःचं, जे लिहायला मला वीस दिवस लागले.

आमच्या मोहल्ल्याच्या टोकाला, नाल्याच्या पलीकडे, मदाऱ्यांची पालं आहेत. मुसलमान आहेत. अस्वल-माकडांचे खेळ कायद्याने बंद झाल्यावर आता भंगार गोळा करतात. त्यातला एक मुलगा माझ्या वर्गात होता. मागच्या वर्षी एका शिक्षकाचा मोबाइल हरवला. मुख्याध्यापकांनी मला सांगितलं, “तुमच्या वर्गातलं त्या पोराचं दप्तर जरा बघा.” वर्गात बेचाळीस मुलं होती. मी बेचाळीस दप्तरं बघितली नाहीत. एक बघितलं. सगळ्यांसमोर. त्यात दोन वह्या होत्या आणि दुपारची खिचडी बांधलेली एक प्लास्टिकची पिशवी. मोबाइल संध्याकाळी सापडला, ज्याचा होता त्याच्याच स्कूटीच्या डिकीत.

पोरगा दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही. आठव्या दिवशी मी पालावर गेलो. त्याच्या आजोबांची माफी मागितली. त्यांनी मलाच चहा पाजला, तो चहा अजून घशात आहे. पोरगा परत आला, पण पहिल्या बाकावरून उठून शेवटच्या बाकावर बसला. मी त्याला हलवलं नाही.

त्या रात्री मी जुनी कॅसेट आठवून मोबाइलवर तेच वादन लावलं आणि बंद केलं. फ्रान्सचा शिक्का मारणारा शिपाई मला आजवर कुणीतरी दूरचा, टोपीवाला वाटायचा. तो माझ्यासारखा दिसत असणार. संध्याकाळी घरी जाऊन जँगो ऐकतही असेल.

या जूनमध्ये त्या मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला हवा म्हणून आजोबांना घेऊन मी सेतू केंद्रात गेलो. भटक्या जमातीच्या दाखल्याला १९६१ च्या आधीचा राहण्याचा पुरावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर कोतवाल बुकातली नोंद, काहीतरी. खिडकीतल्या माणसाने शांतपणे विचारलं, “एकसष्ट सालच्या आधी कुठे राहत होते?” आजोबा म्हणाले, “साब, इकसठ में हम रस्ते पे थे.” त्याने पेन खाली ठेवलं. त्याचाही दोष नव्हता, फॉर्ममध्ये ‘रस्ता’ लिहायला जागा नव्हती. भटका असल्याचा दाखला हवा असेल तर आधी तू एका जागी राहत होतास हे सिद्ध कर! १४९९, १८६५, १९१२, आणि ही आमची खिडकी. बुलेरियाचा ठेका समजायला मला वेळ लागला, हा ठेका तिथे उभ्याउभ्या समजला.

म्हणून त्या दोन फॉरवर्डांना माझं उत्तर हे. हा मुलगा हिंदुस्थानच्या रस्त्यावरचा भटका आहे, म्हणजे शिक्षकांच्या ग्रुपच्या हिशेबाने आपला. तो मुसलमान आहे, म्हणजे मोहल्ल्याच्या ग्रुपच्या हिशेबानेही आपला. युरोपच्या चौकातल्या तीन अनोळखी माणसांवर दोन्ही ग्रुप हक्क सांगतात, आणि नाल्यापलीकडच्या या एकावर एकही नाही.

परवा मी दोन्ही ग्रुपांवर एकच मजकूर टाकला: “गिटारवाले खरंच आपले असतील तर सोमवारी सकाळी दहाला सेतू केंद्रात या. एका मुलाच्या दाखल्यासाठी १९६१ च्या आधीचे साक्षीदार शोधायचे आहेत. ज्यांच्या आजोबांनी आमच्या गावात मदाऱ्याचा खेळ बघितला असेल, त्यांचीही आठवण चालेल.”

शिक्षकांच्या ग्रुपवर एक अंगठा आला. मोहल्ल्याच्या ग्रुपवर एक ‘माशाअल्लाह’. सोमवारी खिडकीसमोर आम्ही दोघे होतो, आजोबा आणि मी. साडेअकराला आमच्या शाळेतले निवृत्त शिपाईमामा सायकलवरून आले, वय अठ्ठ्याहत्तर. म्हणाले, “सर, याच्या बापाचं अस्वल मी बघितलंय. मारुतीच्या पारावर. मी तिसरीत होतो.” खिडकीतल्या माणसाने ते लिहून घेतलं. चालेल की नाही ते सांगितलं नाही.

अर्ज अजून आत आहे.